खुळखुळ्याचा उतार

आमच्या वस्तीत पिंपळ लावायला विरोध करणारी मी पहिली. साधा पिंपळ नव्हे, बोधिवृक्ष. आणि तोही माझ्याच वडिलांच्या राखेवर लावायचा. विहारात मी उभी राहून हे बोलले तेव्हा आधी कोणाला ते ऐकूच आलं नसावं असं वाटलं. मग शेजारची मावशी म्हणाली, "अगं, तू तर पर्यावरणवाली ना? पार्टी कधी बदललीस?" दोन-चार जण हसले, आणि लगेच ओशाळले. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता.

पार्टी मी बदलली नव्हती. मला जे वाचवायचं होतं ते झाड नव्हतं, एवढंच. ते वीतभर उंचीचं झुडूप होतं आणि डोक्यावर कायमची सावली आली की ते संपतं.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर उभं राहिलं की एका हाताला ऐरोली. काचेच्या इमारती, कंपन्यांच्या बसगाड्या, गळ्यात पट्टे अडकवलेली पोरंपोरी. दुसऱ्या हाताला कारखान्यांच्या भिंती, भिंतींच्या मागं डोंगर, आणि डोंगराचा कोणीतरी लचका तोडावा तशी क्वारी. क्वारी म्हणजे दगडाची खाण, पण आमच्याकडं खाण कोणी म्हणत नाही. आमची वस्ती त्या क्वारीच्या पायथ्याशी. माझे आईबाबा परभणीकडून आले ते थेट या खड्ड्यात उतरले. बाबा दगड फोडायचे, आई घमेल्यातून खडी वाहायची. समोरच्या इमारती ज्या खडीवर उभ्या आहेत ती इथून गेली. हे मी पत्रकांत इतक्या वेळा लिहिलंय की आता ते वाक्य मलाच गुळगुळीत लागतं. पण गुळगुळीत झालं म्हणून खोटं होत नाही.

क्वारीत सुरुंगाची एक रीत होती. भोकं भरून झाली की मुकादम शिट्टी मारायचा, लाल फडकं वर धरायचा, आणि हातातलं हत्यार जिथल्या तिथं टाकून सगळ्यांनी वरच्या उतारावर पळायचं. या उताराच्या पुढ्यात कातळाचा एक उंचवटा असा आडवा आला आहे की उडालेले दगड तिथवर पोचत नाहीत. म्हणून तो उतार कोणी फोडला नाही. फोडला असता तर माणसं उभी कुठं करणार? मालकाला माणसांचं फार काही होतं असं नाही, पण सुरुंगाच्या वेळी ती कुठंतरी ठेवावी लागतात एवढं त्यालाही कळत होतं. सगळा डोंगर पोखरला, आणि हा एक तुकडा जसा होता तसा राहिला.

दिवसभरात बुड टेकायला मिळायचं ते तिथंच. शिट्टीपासून धूळ खाली बसेपर्यंत. तेही उन्हात, कारण तिथं एक झाड नाही. मी तान्ही होते तेव्हा आई मला पाटीत घालून कामावर आणायची आणि शिट्टी झाली की पाटीसकट वर न्यायची. बाबा बसल्या जागी एखादी वाळकी शेंग खुडायचे आणि माझ्या कानाशी हलवायचे. खुळ खुळ खुळ. मग धाड. आई सांगते, "सुरुंगाला तू कदी रडली न्हाईस. शेंग थांबली का मातर भोकाड."

त्या शेंगेचं झुडूप म्हणजे खुळखुळा. नाव कोणाला विचारायची गरज नाही, शेंगच सांगते. तूर, मूग, हरभरा यांच्या घराण्यातलं, पण कोणी न पेरलेलं आणि कोणी न राखलेलं. आमच्या उतारावर कातळावरची माती कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही, नुसत्या फटी. पावसात सगळ्या उतारावरून पाणी वाहत असतं, आणि पाऊस उघडला की दोन दिवसांत तोच कातळ तव्यासारखा. अशा ठिकाणी मोठ्या झाडाचं बी रुजतं आणि मरतं. खुळखुळा जगतो. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्या हवेतलं नत्र धरून ठेवतात. जिथं कोणी शेणाची पाटी टाकणार नाही तिथं तो आपलं खत आपण करतो, आणि मेल्यावर ते शेजारच्या गवताला देऊन जातो.

पानं लहान, त्यांच्यावर मऊ लव. पाऊस ओसरायला लागला की पिवळी फुलं येतात. मागची पाकळी उभी, तिच्यावर तांबूस रेघा, आणि पुढं पोपटाच्या चोचीसारखं टोक. मग शेंगा फुगतात. हिरव्या असताना बोटांनी दाबल्या तर हवा भरलेल्या पिशवीसारख्या लागतात. थंडी पडली की त्या काळपट तपकिरी होतात, आत बिया सुटतात, आणि वारा आला की सगळा उतार वाजतो. हळूच. दोघं बोलत असतील तर ऐकू येत नाही. वाळक्या फांद्यांवर नारिंगी पंखांची, काळ्या रेघांची फुलपाखरं येऊन बसतात. फुलावर नाही, वाळक्या काटकीवर. तिच्यातलं काहीतरी त्यांना हवं असतं. सोबतीला निळ्या फुलांची आभाळी असते, पिवळ्या फुलांचा कवला असतो, आणि उघड्या दगडावर अंडी घालून आपल्यालाच शिव्या देणारी टिटवी असते.

उन्हाळ्यात यातलं काही नाही. एप्रिलमध्ये तिथं कोणालाही नेलं तर तो म्हणेल, वैराण आहे. कागदावर त्याला शब्द आहे 'पडीक'. या शब्दावर माझा फार राग आहे. पडीक म्हणजे काय? ज्याच्यापासून कोणाला भाडं येत नाही ते पडीक. सीवूड्सला पाणथळ जागा वाचवायला माणसं फलक घेऊन उभी राहिली तेव्हा मीही जाऊन उभी राहिले, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन. पण तिथं मनात येत होतंच की फ्लेमिंगोचे पाय लांब आहेत, रंग गुलाबी आहे, फोटो छान येतो. खुळखुळ्याचा फोटो काढायचा तर पोटावर झोपावं लागतं.

बी.एस्सी.ला असताना कॉलेजनं आम्हाला बसनं साताऱ्याच्या बाजूच्या एका पठारावर नेलं होतं. तिथं तारेचं कुंपण, पायवाट सोडू नका अशा पाट्या, रांग. सरांनी गुडघे टेकून एक पिवळं फूल दाखवलं आणि दबक्या आवाजात लॅटिन नाव सांगितलं. देवळात बोलावं तसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, हे आमच्या घरामागं आहे." सर म्हणाले, "असेल, असेल." पुढं चालू लागले. मैत्रिणीनं कोपरानं ढोसलं, "तुमच्या घरामागं काय काय आहे गं? ताजमहाल?" पाय पडू नये म्हणून जिथं पाट्या आहेत तेच झुडूप आमच्याकडं होतं, आणि आमच्या पोरांना त्याच्या जवळ शौचाला पाठवत होते.

क्वारी बंद झाली तोवर बाबांची छातीही बंद होत आली होती. आधी डॉक्टर टीबी म्हणाले. मग टीबी नाही म्हणाले. मग धूळ म्हणाले. धुळीचं औषध नसतं. शेवटच्या वर्षात ते संध्याकाळी काठी टेकत, तीनदा थांबत, उतारावर जाऊन बसायचे. त्यांना झुडपांचं वेड होतं असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसावर असलं काही चिकटवायची आपल्याला फार सवय असते. खाली दम कोंडतो आणि वर हवा लागते म्हणून ते जायचे. शेंग हाताशी असली तर खुडायचे आणि बोटांत धरून बसायचे. हलवायचे नाहीत.

भाद्रपदात ते गेले. तेव्हा सगळा उतार पिवळा होता.

आमच्या विहाराचे सचिव म्हणजे काका. आमचे नात्यातले नाहीत. मूळचे रत्नागिरीकडचे, एका कंपनीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, बाबांचे मित्र आणि माझे मास्तर. मी पत्रक लिहायला शिकले ती त्यांच्याकडून. सोळाव्या वर्षी पाण्याच्या नळासाठी मी पहिलं पत्रक लिहिलं आणि त्यात पहिली अर्धी बाजू नुसतं रडले. काकांनी ती अर्धी बाजू आडवी छाटली. "पहिल्या ओळीत मागणी. दुसऱ्या ओळीत कोणाकडं. तिसऱ्यात कधीपर्यंत. मग पुरावे. रडायचं ते शेवटी, जागा उरली तर." आजही मी त्याच क्रमानं लिहिते. याही लिखाणात तसं करायला गेले होते, जमलं नाही.

राख खाडीत सोडायची नाही, मातीत घालायची आणि वर झाड लावायचं, हा वस्तीतला नियम काकांनीच घातलेला. त्यासाठी ते लोकांशी भांडले होते, शिव्या खाल्ल्या होत्या. गल्लीतली कडुनिंबं, विहारामागचा जांभूळ, ही सगळी कोणाची ना कोणाची माणसं आहेत. बाबांच्या वेळी त्यांनी याहून मोठं मनावर घेतलं. उतारावर स्मृतिवन करायचं. क्वारीत आणि क्वारीनं जे जे गेले त्या प्रत्येकाचं एक झाड. पहिला बाबांचा बोधिवृक्ष, पुण्यानुमोदनाच्या रविवारी. कातळ फोडायला ब्रेकर, वर टाकायला तांबडी माती, माती आणायला टेम्पो. सगळं ठरलं होतं. काका विहारात हे सांगत होते तेव्हा मागच्या रांगेत बसलेल्या तीन विधवा डोळे पुसत होत्या, आणि मी उठून उभी राहिले.

"काका, तिथं नको."

"मग कुठं, तुझ्या कपाळावर?" काका बोलून गेले. मग हळू आवाजात, "बोल."

मी बोलले. माती, फटी, ऊन, गाठी, शेंगा, सगळं. मावशीचा तो पार्टी बदलल्याचा टोमणा याच वेळचा. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, तिथं काहीच उगवत नाही म्हणतेस, आणि तिथं फार मोठं काहीतरी आहे असंही म्हणतेस. एक काय ते धर."

"मोठं काही उगवत नाही म्हणून बारीक उगवतं. तुम्ही माती टाकली की ते बारीक मेलं."

"पिंपळ आहे तो. भिंतीच्या फटीत उगवतो, त्याला कसली माती न् कसलं काय."

"तेच म्हणते ना मी! तो जगेल हो. त्याला काही होणार नाही. खालचं मरेल."

"खालचं म्हणजे गवत."

"गवत नाही."

"बरं, खुळखुळा." काका भिंतीवरच्या तसबिरींकडं, मग मागच्या रांगेकडं बघत म्हणाले, "ह्यांच्या माणसांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. हजेरीत नाहीत, मालकाकडं नाहीत. एकेक झाड मिळतंय. आणि तू मला खुळखुळा सांगतेस."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नाही म्हणून समोरचं बरोबर होतं असं मी मानत नाही.

घरी आल्यावर आईनं चहा ठेवला, माझ्याकडं पाठ करून.

"कामून आडवी आलीस तू?"

"आई, तो उतार तुला माहीत आहे. बाबा तिथं..."

"बाबाचं नको सांगू मला. मला झाड पायजे."

"झाड कुठंही लावू. विहारापाशी लावू."

"विहारापाशी पोरं बॉल खेळत्यात. मला वर पायजे." तिनं चहा गाळला. मग वळली. "म्या अख्खी जिनगानी उनात काढली. डोक्यावर घमेलं, घमेल्यावर ऊन. शिट्टी झाली का वर पळायचं, तर तिथं बी ऊन. तुह्या बापाला शेवटाला दम लागायचा, उनात बसून धापा टाकायचा, म्या पदर धरायची त्याच्या डोक्यावर. एवढासा पदर. आता तरी त्याच्यावर सावली नको का?"

तिनं कप माझ्यापुढं ठेवला.

"तुला त्या उनाचं कवतिक हाय," आई म्हणाली, "कारन तू त्याच्यात काम केलं न्हाईस."

मला आजवर मोर्चात पोलिसांनी, सभेत नगरसेवकाच्या माणसांनी, फेसबुकवर अनोळखी पुरुषांनी काय काय सुनावलं आहे. त्यातलं काही इतकं आत गेलं नाही. चहा निवून गेला. ती म्हणाली ते खरं होतं. उतार माझ्यासाठी फुलांचा होता, कारण मला तिथं पाटीत घालून न्यायचे. तिच्यासाठी तो कामाच्या मधला उन्हाचा तुकडा होता.

तरी मी पत्रक लिहिलं. दुसरं मला येत नाही. मागणी: उतारावर खणू नये, बाहेरची माती टाकू नये. कोणाकडं: विहार समिती. कधीपर्यंत: रविवारच्या आत. पुरावे पाच, त्यांत शेंगेचं चित्र. रडणं शेवटी, दोन ओळी. झेरॉक्स काढून पहिली प्रत काकांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून दारातच वाचली.

"मागणी नीट मांडलीस. पुरावे चांगलेयत. शेवट आवरता घेतलास." त्यांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. "खड्डा रविवारी सकाळी आठ वाजता."

वस्तीत मी दारोदार गेले. लोकांनी पत्रकं घेतली, माझ्या बापाच्या दुःखापोटी घेतली, आणि न वाचता टीव्हीवर ठेवली. मावशीनं मात्र वाचून घेतलं, मुलाकडून. "चित्र भारी काढलंस," म्हणाली. "पन बाई, सासरी गेलीस ना, तर तिथं तरी झाडाला हो म्हन. नाहीतर परत धाडतील."

रविवारी सगळे वर आले. पांढरे कपडे, पंचशीलाचा झेंडा, कुंडीतलं पिंपळाचं रोप, भंतेजी. आईच्या हातात राखेचं मडकं. खाली पायवाटेपर्यंत टेम्पो आलेला, आणि दोघं जण घमेल्यांनी तांबडी माती वर आणून ओतत होते. फुलांवरच. त्यांना काय माहीत? दिसत होतं ते गवतच होतं. मी एका बाजूला उरलेली पत्रकं छातीशी धरून उभी. घोषणा द्यावी असं वाटलं, पण बापाच्या राखेसमोर घोषणा देता येत नाही. अडवायला आडवं पडावं असं वाटलं, तर पडणार ते त्याच झुडपांवर.

भंतेजींनी त्रिशरण दिलं. मग काकांनी मान हलवली आणि ब्रेकरवाल्यानं मशीन कातळावर टेकवलं.

तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. कानात येत नाही, दातांत येतो. कातळाला लागला की पायाखालची सगळी जमीन बारीक थरथरते. पांढरी धूळ उठली. त्या झोताच्या कडेला फुलं आलेली तीन-चार झुडपं होती, ती थरथरत थरथरत मुळांपासून सुटली आणि आडवी झाली.

आईनं मडकं माझ्या हातात दिलं. माझी पत्रकं खाली पडली. ती चालत त्या ब्रेकरवाल्यापाशी गेली आणि काहीतरी म्हणाली. आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मग तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. त्यानं दचकून मशीन बंद केलं.

एवढी शांतता झाली की खाली रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायला लागले.

"बंद करा," आई म्हणाली. आता सगळ्यांना ऐकू गेलं.

काका पुढं आले. "वहिनी, काय झालं? थोडंसंच खणायचंय."

"भाऊजी, हितं मशीन लागलं नव्हतं कदी."

"म्हणजे?"

"तुमी नव्हता क्वारीत. तुमी हापिसात होता." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "शिट्टी झाली का आमी हितं पळायचो. हितं दगड येत न्हाई म्हनून. ह्या एका जागी दगड येत न्हाई. पोरीला घेऊन पळायची मी. हितं बसलं का हातपाय कापायचे थांबायचे. आन आता हितंच फोडायलेत? त्याच्या नावानं?"

मागच्या रांगेतल्या बायकांपैकी एकीनं, जिचा नवरा क्वारीतच गेला होता तिनं, मान हलवली. तीही इथंच पळत येत असणार.

"मग वहिनी, झाड?" काकांनी कुंडीतल्या रोपाकडं हात केला. "राख?"

आई उताराच्या कडेला गेली आणि तिनं खाली क्वारीत बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. हिरवट पाणी साचलेला तळ, उभे काळे कडे, आणि मधल्या टप्प्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या धुळीचा राखाडी चिखल.

"खाली लावा. खड्डा आयता हाय," आई म्हणाली. "त्यानंच खनलेला हाय."

मी जिंकले असं कोणी समजू नये. आई जे बोलली त्यातला एक शब्द माझ्या पत्रकात नव्हता. गाठी नव्हत्या, नत्र नव्हतं, फुलपाखरं नव्हती. मला उताराचं सगळं माहीत होतं, फक्त तिथं पळत आलेल्या माणसाला काय वाटायचं ते सोडून. आणि खुळखुळा वाचला तो त्याच्यामुळं.

सगळे जण क्वारीच्या जुन्या गाडीरस्त्यानं खाली उतरलो. काकांनी स्वतः मातीचं घमेलं डोक्यावर घेतलं. त्यांना ते धड धरता येईना, माती मानेवर सांडत होती. आई म्हणाली, "भाऊजी, चुंबळ घ्या," आणि एका बाईनं ओढणी पिळून त्यांच्या डोक्यावर ठेवली. मधल्या टप्प्यावर चिखलात खड्डा खणायला ब्रेकर लागला नाही, कुदळ पुरली. बाबांची राख त्या राखाडी मातीत पडली तेव्हा दोन्हींचा रंग इतका एक झाला की कुठली कुठं ते कळेना. वर रोप. भंतेजींनी गाथा म्हटल्या आणि कड्यांनी त्या परत म्हटल्या.

यानंतर सगळं गोड झालं असं नाही. स्मृतिवन झालं नाही. त्या टप्प्यावर फार तर तीन-चार झाडांची जागा आहे, आणि तळातलं पाणी पावसात किती चढेल याचा भरवसा नाही. मागच्या रांगेतली एक बाई मला रस्त्यात गाठून म्हणाली, "तुझ्या बापाचं झालं. माझ्या माणसाचं कुठं?" मी काकांबरोबर बसून सगळ्यांची नावं कोरलेली शिळा क्वारीच्या तोंडाशी उभी करायची मागणी लिहिली आहे. पहिल्या ओळीत मागणी, दुसऱ्या ओळीत कोणाकडं. तिसऱ्या ओळीतली मुदत दोनदा उलटून गेली. क्वारी बुजवून तिथं काहीतरी बांधणार अशी कुणकुण आहे. बांधतील तेव्हा उतारही जाईल आणि पिंपळही. तेव्हा पुन्हा पत्रक काढेन. काका म्हणतात, या वेळी रडणं पहिल्या ओळीत घालून बघू.

उतारावर जिथं तांबडी माती ओतली होती तिथली आम्ही हातांनी खरवडून काढली, पण सगळी निघाली नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यावर टाकळा माजला, कमरेएवढा, आणि त्याच्यात गाजरगवत. बाहेरच्या मातीबरोबर बाहेरचं बी आलं होतं. त्या पट्ट्यात खुळखुळ्याचं एक झुडूप आलं नाही. पट्ट्याच्या बाहेर, बोटभर मातीत, नेहमीसारखं पिवळं. ब्रेकरनं पाडलेलं वीतभर भोक अजून तसंच आहे. त्यात पाणी साचतं आणि टिटवी पिते.

आई उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पिंपळाला पाणी घालायला जाते. गाडीरस्त्यानं जवळ पडतं, पण ती उतारावरून जाते. मी सोबत असले की पाण्याचा कॅन माझ्याकडं. मागच्या मे महिन्यात अशीच गेले होते. उतारावर काही नव्हतं, नुसता तापलेला कातळ आणि फटींतून वाळकी काडी.

"आता कुठंय तुहा खुळखुळा?" आईनं विचारलं.

"फटीत बी आहे."

"दिसंना."

"दिसत नाही. पण आहे."

ती पुढं निघाली. मात्र पाय टाकत होती ते बघून बघून, उघड्या कातळावर. फटींवर नाही.

खाली पिंपळ माझ्या गुडघ्याच्या वर आला होता. चार-पाच पानं, कडेनं करपलेली. मी कॅन उपडा केला. पाणी राखाडी मातीत जिरलं. कडे भट्टीसारखे तापलेले, चपलेतून चटका बसत होता.

"सावली पडायला किती वर्सं लागतील गं?"

"लागतील बरीच. दहा. जास्तच."

"हं," आई म्हणाली. रिकामा कॅन मी उचलला आणि निघाले. थोडं वर आल्यावर मागं पावलं ऐकू येईनात म्हणून वळून बघितलं. ती रोपाच्या आणि उन्हाच्या मधे उभी होती. दोन्ही हातांनी पदर ताणून धरला होता आणि त्याची एवढीशी सावली पानांवर पडली होती.

"आई, चल. ऊन लागेल."

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याला लागायलंय."